स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केस हा केवळ पार्लरचा विषय नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या महिला पुरवणीत चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांवर घरगुती उपाय सुचवणारा लेख नुकताच वाचला. डाळीचे पीठ आणि हळद, मसुराचा लेप, साखर-लिंबाचा पाक असे नेहमीचे उपाय त्यात होते आणि शेवटी थ्रेडिंग चांगले की लेसर, याची तुलना होती. लेखिकेचा हेतू वाचकांना मदत करण्याचाच होता याबद्दल मला शंका नाही. मात्र हे केस मुळात का येतात, याविषयी त्या संपूर्ण लेखात एकही वाक्य नव्हते. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला सातत्याने दिसत आले आहे की, हाच प्रश्न न विचारल्यामुळे मुलींची आणि बायकांची पाच-पाच, दहा-दहा वर्षे वाया जातात. म्हणून हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

माणसाच्या अंगावर तळहात, तळपाय आणि ओठ सोडले तर जवळजवळ सर्वत्र केसांची मुळे असतात. स्त्रीच्या गालावर किंवा ओठावर जी मऊ, फिकट लव असते ती याच मुळांतून येते आणि ती असण्यात काहीही वावगे नाही. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात अँड्रोजन या पुरुषी गटातील संप्रेरके (हार्मोन्स) थोड्या प्रमाणात तयार होतात. काही बीजांडकोशात (अंडाशयात), काही मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत. टेस्टोस्टेरॉन हे त्यांपैकी सर्वांच्या ओळखीचे नाव. केसांच्या मुळाशी पोहोचल्यावर एक विकर (एन्झाइम) त्याचे अधिक प्रभावी रूपात परिवर्तन करते आणि त्याच्या प्रभावाखाली हनुवटी, ओठ, छाती, पोटाची मधली रेषा अशा ठराविक जागांवरील मऊ लव काळ्या, जाड, राठ केसांत बदलू लागते. म्हणजे एक तर हे संप्रेरक रक्तात वाढलेले असते, किंवा ते योग्य प्रमाणात असूनही केसांची मुळे त्याला जास्त प्रतिसाद देत असतात. या दोन शक्यतांपैकी आपल्या बाबतीत कोणती खरी आहे, हे आरशात पाहून कळत नाही आणि पार्लरमध्ये तर मुळीच कळत नाही.

फेरीमन आणि गॅलवे या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९६१ मध्ये अशा केसांच्या मोजणीची एक पद्धत मांडली. तिच्या आज वापरात असलेल्या सुधारित रूपात शरीराच्या ९ भागांना ० ते ४ असे गुण दिले जातात. एकूण गुण किती झाले की तपासणी करावी, हे वंशानुसार बदलते. ज्या ‘पीसीओडी’विषयी मी पुढे लिहिले आहे, त्यावरील २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा आकडा ४ ते ६ आहे. मला ही मोजणी उपयोगी वाटते, पण एका मर्यादेपर्यंतच. दवाखान्यात येणारी बहुतेक स्त्री आदल्याच आठवड्यात थ्रेडिंग करून आलेली असते आणि तिचा चेहरा गुळगुळीत असतो. तिने आपण होऊन सांगितले नाही आणि डॉक्टरांनीही विचारले नाही, तर ही गोष्ट केसपेपरवर येतच नाही. पाळीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीला ‘ओठावरचे, हनुवटीवरचे केस काढावे लागतात का, आणि किती दिवसांनी?’ हे विचारण्याची सवय आम्हा डॉक्टरांनीच लावून घ्यायला हवी. आईसमोर, नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर हा प्रश्न विचारला तर खरे उत्तर मिळत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे.

कारणांमध्ये सर्वांत मोठा वाटा ज्याला आपल्याकडे सर्रास ‘पीसीओडी’ (पॉलिसिस्टिक ओव्हरी) म्हटले जाते त्या विकाराचा आहे. चेहऱ्यावर राठ केस येणाऱ्या दहा स्त्रियांपैकी साधारण सात-आठ जणींमध्ये हेच कारण निघते. शिकागोतील स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये अशा ७ स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा विकार वैद्यकशास्त्राला परिचित आहे. पण आपल्याकडे तो केवळ ‘अंडाशयात गाठी’ एवढाच समजला जातो. वास्तविक त्या गाठी नसतातच. ती वाढ अर्धवट थांबलेली बीजपुटके, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या बारीक पिशव्या, असतात आणि मूळ गडबड संपूर्ण शरीराच्या चयापचयात असते. शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते. वाढलेले इन्सुलिन बीजांडकोशाला जास्त अँड्रोजन बनवायला लावते आणि त्याच वेळी, रक्तातील टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे जे प्रथिन यकृतात तयार होते, त्याचे प्रमाण घटवते. परिणामी मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. मानेवर आणि काखेत मखमलीसारखी काळी, जाडसर त्वचा दिसू लागते, तीही याच वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. घरात ती ‘मळ बसला आहे’ म्हणून घासून काढण्याचा प्रयत्न होतो, मुलगी नीट आंघोळ करत नाही म्हणून तिला बोलणी बसतात, आणि मधुमेहाची एक आगाऊ सूचना अशी साबणाच्या फेसात वाहून जाते.

केस आणि साखर यांचे हे नाते काही नव्याने सापडलेले नाही. पॅरिसमधील आशार आणि तिएर या डॉक्टरांनी १९२१ मध्येच दाढी असलेल्या स्त्रियांमधील मधुमेहाची नोंद केली होती. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही आपल्याकडे हनुवटीवरील केसांसाठी आलेल्या मुलीची साखर तपासावी हे अनेकांना सुचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हा विकार दुर्मीळ असता तर गोष्ट वेगळी होती. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदानाचे सैल निकष लावले तर २२.५ टक्के आणि कडक निकष लावले तर १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. कडक आकडाच धरला तरी पन्नास मुलींच्या वर्गात पाच जणी येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरातील अशा सुमारे ७० टक्के स्त्रियांचे निदानच झालेले नसते. त्या सगळ्या आजारी दिसत नाहीत. त्या कामाला जातात, अभ्यास करतात, दर पंधरा दिवसांनी पार्लरच्या खुर्चीत बसतात, आणि पाळी दोन-तीन महिने आली नाही तर ‘बरे झाले, कटकट नाही’ असे म्हणून गप्प राहतात. वर्षभरात पाळी फारच कमी वेळा येत असेल तर गर्भाशयाचे आतील अस्तर वेळच्या वेळी पडून जात नाही, ते जाड होत राहते आणि पुढे त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. ‘लग्न झाले की सगळे सुरळीत होईल’ हे वाक्य मी नातेवाइकांच्याच नव्हे, तर शिकलेल्या सहकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. लग्नाने यातले काहीही बदलत नाही. उलट मूल का होत नाही, या प्रश्नाच्या निमित्ताने निदान तेवढे चार-पाच वर्षे उशिरा होते.

मुलगी सडपातळ असेल तर हा विकार नसणारच, असे धरून चालू नये. सडपातळ मुलींनाही तो होतो. वजन जास्त असेल तेव्हा मूळ वजनाच्या ५ टक्के घट झाली तरी पाळी सुधारण्यास मदत होते हे खरे. पण ‘आधी वजन कमी कर, मग ये’ एवढेच सांगून मुलीला परत पाठवणे म्हणजे उपचार नव्हे. आधीच आपल्या चेहऱ्याची लाज बाळगणाऱ्या मुलीला त्यामुळे शरीराचीही लाज वाटू लागते आणि ती पुन्हा फिरकत नाही. या विकारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण जास्त असते, म्हणून निदानाच्या वेळीच मनाची विचारपूस करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. चहापोह्यांच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ब्लेड वापरून चेहरा कापून घेतलेली मुलगी समोर बसलेली असते, तेव्हा ही विचारपूस किती आवश्यक आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पीसीओडीच्या या गर्दीत इतर कारणे झाकली जातात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्यांची वाटते. काही मुलींच्या अधिवृक्क ग्रंथीत एका विकराची जन्मजात कमतरता असते. तिच्या सौम्य प्रकारात बाळ जन्मतः अगदी सर्वसामान्य दिसते आणि किशोरवयात चेहऱ्यावर केस, मुरुमे, अनियमित पाळी अशी हुबेहूब पीसीओडीसारखी लक्षणे दिसू लागतात. सकाळच्या वेळी, पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत केलेल्या १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाच्या एका रक्ततपासणीने तिचा सुगावा लागतो. हा दोष आनुवंशिक असल्यामुळे तो कळणे त्या मुलीच्या होणाऱ्या अपत्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते. कुशिंग नावाच्या विकारात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. त्यात चेहरा गोल आणि लालसर होतो, पोटावर रुंद जांभळट पट्टे उमटतात, जरा लागले की काळेनिळे होते, उकिडवे बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठवत नाही, रक्तदाब वाढतो. थायरॉइडचे विकार आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची वाढ पाळी बिघडवतात, त्यामुळे त्यांचीही तपासणी सोबत करून घ्यावी लागते.

बीजांडकोशात किंवा अधिवृक्क ग्रंथीत अँड्रोजन तयार करणारी गाठ असणे हे फारच विरळ. पण विरळ म्हणून विसरण्यासारखे नाही. तिला ओळखण्याची किल्ली एका साध्या प्रश्नात आहे : हे केस कधीपासून आले आणि किती वेगाने वाढले? वयात येताना सुरू होऊन वर्षानुवर्षे हळूहळू वाढणारे केस बहुधा पीसीओडीचे किंवा आनुवंशिक असतात. याउलट आतापर्यंत चेहरा स्वच्छ असलेल्या तीस, चाळीस किंवा साठ वर्षांच्या स्त्रीला काही महिन्यांत दाढी येऊ लागली, आवाज घोगरा होऊ लागला, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी टक्कल दिसू लागले, दंडाचे स्नायू ठळक झाले किंवा योनीमुखाशी असलेला शिश्निका हा अवयव मोठा झाला, तर तिने पार्लरमध्ये एक दिवसही न घालवता रुग्णालय गाठले पाहिजे. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, त्यामुळे हनुवटीवर दोन-चार राठ केस येणे सर्वसामान्य आहे. आपल्या आज्ज्यांच्या चेहऱ्यावर ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. परंतु त्याच वयात केस झपाट्याने वाढले, तर त्याला ‘वयाचे’ म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरू शकते. माझ्या मते आपल्या पुरवणीतील लेखात काही एकच गोष्ट भर म्हणून घालायची असती, तर ती हीच होती.

औषधांमुळे येणारे केस हा आणखी एक दुर्लक्षित भाग. गर्भाशयाबाहेर अस्तर वाढण्याच्या विकारावर वापरले जाणारे डॅनॅझॉल आणि व्यायामशाळांतून मिळणारी स्नायू वाढवण्याची स्टेरॉइड इंजेक्शने यांनी चेहऱ्यावर केस येतात आणि आवाजातील बदल औषध थांबवल्यावरही कायम राहू शकतो. अपस्मारावरील फेनिटॉइनमुळे अंगभर केस वाढू शकतात, तर व्हॅल्प्रोएटमुळे तरुण मुलींमध्ये पीसीओडीसारखे चित्र तयार होऊ शकते. मात्र फिट्सचे कोणतेही औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये, कारण ते त्याहून घातक आहे. डोक्यावरील केस गळतात म्हणून हल्ली मिनॉक्सिडिल बऱ्याच जणी लावतात, काही जणींना ते गोळीच्या रूपातही दिले जाते. त्याने कपाळावर आणि गालांवर केस येऊ शकतात, हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नसते. मग वरचे केस वाढावेत म्हणून एक औषध आणि खालचे जावेत म्हणून दुसरा खर्च, असे चक्र सुरू होते.

गोरे होण्यासाठी किंवा वांग जाण्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या मलमांबद्दल तर मला जोर देऊन लिहावेसे वाटते. यांपैकी अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. पहिले काही आठवडे चेहरा उजळ आणि नितळ दिसतो, म्हणून ते मलम बहिणीला, जावेला, शेजारणीला सुचवले जाते. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आग होते, पुरळ येते आणि गालांवर बारीक काळे केस उगवतात. मलम थांबवले की त्रास उसळी मारून वर येतो, म्हणून ते सोडवतही नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला आहे आणि चिठ्ठीशिवाय अशी मलमे विकण्यास कायद्याने बंदीही आहे. तरीही आमच्या बाजारपेठेतील काउंटरवर ‘ते गोरे होण्याचे द्या’ एवढे म्हणणे पुरते. चेहऱ्यावरील केसांची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला मी हल्ली चेहऱ्याला काय काय लावता, ते सगळे घरून पिशवीत घालून आणायला सांगते. त्या पिशवीतून निदान बाहेर पडल्याचे अनेकदा घडले आहे.

तपासणीच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची सोनोग्राफी करून तिला पीसीओडीचा शिक्का मारणे. या वयात अंडाशयात अनेक बीजपुटके दिसणे स्वाभाविक असते, म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून ८ वर्षांपर्यंत सोनोग्राफीच्या आधारे हे निदान करू नये, असे २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. किशोरवयीन मुलीच्या बाबतीत अनियमित पाळी आणि अँड्रोजन वाढल्याची लक्षणे किंवा रक्तातील पुरावा, या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. दुसरी चूक म्हणजे आधी पाळी नियमित करणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करणे आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन तपासायला पाठवणे. या गोळ्या ते संप्रेरक दाबून टाकतात. रिपोर्ट चांगला येतो आणि खरे कारण तसेच राहते. तपासणी गोळ्यांच्या आधी व्हायला हवी, आणि त्या चालू असतीलच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सुमारे तीन महिने थांबवून करावी. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळेही काही प्रयोगशाळांतील संप्रेरकांचे आकडे चुकतात, तेव्हा रक्त देण्यापूर्वी त्यांचा उल्लेख जरूर करावा.

सगळ्या तपासण्या होऊनही काही जणींमध्ये संप्रेरके योग्य प्रमाणात निघतात, पाळी दर महिन्याला वेळेवर येते आणि आईच्या, मावशीच्या, आत्याच्या चेहऱ्यावरही तसेच केस असतात. त्यांना आजार नाही. त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगणे हाही उपचारच आहे, कारण ‘माझ्यात पुरुषांचे काही जास्त आहे का?’ ही भीती घेऊन त्या आलेल्या असतात. केस काढायचे की ठेवायचे, हा निर्णय सर्वस्वी त्या स्त्रीचा आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेश मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या छायाचित्रावर, तिच्या चेहऱ्यावरील केसांवरून, समाजमाध्यमांत जी शेरेबाजी झाली, ती आठवली की आजही संताप येतो. पण तिची बाजू घेणाऱ्यांपैकीही काहींनी केवळ छायाचित्र पाहून तिचे निदान केले आणि उपचार सुचवले, हेही तितकेच अनुचित होते. तपासणीचा सल्ला दवाखान्याच्या बंद दाराआड, विश्वासाने द्यायचा असतो.

उपचारांविषयीच्या अपेक्षा वास्तवाला धरून असाव्यात, म्हणून थोडे लिहिते. एकदा जाड झालेला केस औषधाने पुन्हा मऊ लव होईल, असे सहसा घडत नाही. औषधे मुख्यतः नवे केस जाड होण्याचे थांबवतात. केसांचे वाढीचे चक्र लांब असल्यामुळे गोळ्यांचा परिणाम दिसायला किमान ६ महिने लागतात, आणि नेमक्या तिसऱ्या महिन्यात ‘काही फरक नाही’ म्हणून बहुतेक जणी औषध सोडून देतात. संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या हा पहिला पर्याय असतो, परंतु अर्धशिशीचे काही प्रकार, रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांची चौकशी केल्याशिवाय त्या देऊ नयेत. स्पायरोनोलॅक्टोनसारखी अँड्रोजनविरोधी औषधे परिणामकारक आहेत, मात्र ती चालू असताना गर्भ राहिला आणि तो मुलाचा असला तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. म्हणून खात्रीचे गर्भनिरोधन सोबत असल्याशिवाय ती घ्यायची नसतात. मेटफॉर्मिन साखरेसाठी आणि पाळीसाठी उपयोगी असते, चेहऱ्यावरील केसांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. हे आधी सांगितले तर पुढचा अपेक्षाभंग टळतो.

लेसरला माझा विरोध नाही. आधीच उगवलेल्या काळ्या केसांवर तो उत्तम उपाय आहे. मात्र आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेसाठी यंत्राची आणि तीव्रतेची निवड जाणकाराने करावी लागते, अन्यथा भाजून डाग पडतात. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, कारण तो केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करतो. त्यांच्यासाठी विजेच्या सुईची जुनी पद्धतच वापरावी लागते. दक्षिण आशियाई स्त्रियांमध्ये गालांवर आणि मानेवर लेसर केल्यानंतर कधी कधी आजूबाजूचे केस उलट वाढल्याचेही दिसून आले आहे. आणि शरीरात अँड्रोजन वाढलेलेच असेल, तर लेसरने गेलेल्या केसांच्या जागी नवे केस जाड होत राहतात. हप्त्यांवर सहा-आठ बैठकांचे पॅकेज घेतलेली मुलगी वर्षभराने ‘पैसे फुकट गेले’ म्हणत येते, तेव्हा तिचे टेस्टोस्टेरॉन एकदाही तपासलेले नसते. घरगुती लेपांविषयी एवढेच की ते केसांच्या मुळापर्यंत पोहोचत नाहीत. तान्ह्या बाळाच्या अंगावरून पिठाचा गोळा फिरवला म्हणून लव जाते असे आपण मानतो, पण ती लव आपोआपच गळणारी असते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास मात्र त्वचेवर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. ब्लेड किंवा रेझर वापरल्याने केस दाट होतात, हा समजही चुकीचा आहे. अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच मोजमापे घेऊन ते दाखवले होते. तेव्हा तपासण्या चालू असताना एखादी मुलगी स्वच्छ रेझर वापरत असेल, तर तिला घरात कोणी रागावू नये.

आता थोडे पार्लरविषयी. या विषयात स्त्रीच्या चेहऱ्याकडे सर्वांत जवळून आणि सर्वांत नियमितपणे पाहणारी व्यक्ती डॉक्टर नसते. थ्रेडिंग करणाऱ्या ताईंना कोणाचे केस महिन्याने वाढतात आणि कोणाचे आठवड्याने, हे नेमके ठाऊक असते. कोणाच्या हनुवटीवर हल्लीच केस सुरू झाले, हेही त्यांच्याच लक्षात प्रथम येते. त्यांनी रोगनिदान करावे अशी माझी अपेक्षा नाही, पण ‘पाळी वेळेवर येते ना? एकदा दाखवून घ्या’ एवढे एक वाक्य त्यांच्या तोंडून आले, तर त्याचा परिणाम आमच्या भिंतीवरील तक्त्यांपेक्षा कितीतरी अधिक होईल. सौंदर्यप्रसाधनाच्या अभ्यासक्रमांत त्वचेची निगा शिकवली जाते; त्यात या विषयाचा एक तास असावा. शाळांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली आणि त्याची पथके १८ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींच्या तपासणीसाठी शाळांत जातात. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. या पथकांतील महिला डॉक्टरांनी आठवी ते बारावीच्या मुलींना पाळी, चेहऱ्यावरील केस आणि मानेवरील काळेपणा हे तीन प्रश्न एकत्र आणि एकांतात विचारावेत आणि उत्तर होकारार्थी असेल तर ‘मैत्री’ क्लिनिककडे चिठ्ठी द्यावी. यासाठी नवी योजना लागत नाही आणि नवे यंत्रही लागत नाही.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे दोन विनंत्या आहेत. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘नको असलेले केस मुळापासून कायमचे नष्ट, पाळी नियमित करण्याची हमी’ अशा मजकुराच्या जाहिराती अधूनमधून दिसतात. स्त्रियांच्या पाळीतील बिघाड औषधाने दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यान्वये मनाई आहे, आणि त्या छापण्यात सहभागी होणाऱ्यालाही तो कायदा लागू होतो. आपल्या जाहिरात विभागाने असा मजकूर स्वीकारण्यापूर्वी तो तपासून घ्यावा. दुसरी विनंती त्या लेखाबद्दलची. महिला पुरवणीच्या पुढील अंकात त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे, डॉक्टरांकडे केव्हा जावे हे सांगणारी चौकट छापावी : केस अचानक आणि वेगाने वाढणे, आवाजात बदल, पाळी ३५ दिवसांहून अधिक लांबत राहणे, मानेवरील काळी जाड त्वचा, आणि पाळी गेल्यानंतर नव्याने येणारे दाट केस. मजकूर तपासून देण्याची माझी तयारी आहे आणि त्यासाठी कोणतेही मानधन नको. रुग्णांची ओळख गावात उघड होऊ नये, म्हणून पत्राखाली माझे नाव छापू नये. ते व पत्ता आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे.

कळावे,

आपली,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, जि. सातारा
(नाव राखून ठेवले आहे)